कालिंदीबाईंची बदली

बकुळाचा अर्धा जन्म दुसऱ्या बायकांच्या खाड्यांवर गेला.

आता भोंगे राहिले नाहीत आणि गिरण्याही राहिल्या नाहीत, म्हणून सांगायला हवं. गिरणीत कायम कामाला असलेली बाई एखाद्या दिवशी आली नाही की तिचा खाडा पडायचा. मग तिच्या मशीनवर त्या दिवसापुरती दुसऱ्या कुणाला उभं करायचे. ती बदली. सकाळी सातच्या भोंग्याआधी परळच्या त्या गिरणीच्या फाटकाशी पंचवीस-तीस बायका कार्ड हातात धरून उभ्या राहायच्या. आत वाइंडिंग खातं होतं, म्हणजे सुताच्या कांड्या भरायचं. तिथली नायकीण बाहेर यायची, कमरेवर हात ठेवून, बाजारात भेंडी मोडून बघावी तशी एकेकीचं तोंड बघायची आणि म्हणायची, "तू ये. तू ये. बाकीच्या घरी." घरी जाणाऱ्यांच्या कार्डावर शिक्का बसायचा. हजर, काम नाही. म्हणजे आलात, दिसलात, आता चालू लागा.

बरं, काम असं की त्याच्यासाठी नवस बोलायचीही सोय नाही. कायम बाया देवाकडे अंगात बळ मागत. बदलीने काय मागायचं? कुणाला तरी ताप येऊ दे? बकुळाची सासू सुंदराबाई तोंडाची तिखट. ती म्हणायची, "बकुळे, तू देवाम्होरं हात जोडलेस की मला त्या गिरणीतल्या बायांची कीव येती."

नायगावच्या बीडीडी चाळीत एका खोलीत ही सासू, बकुळा, तिचा नवरा शामराव आणि दोन मुली. शामराव गोदीत हमाली करायचा, तीही रोजावर. घरात दोन माणसं कमावती. एकाला जहाज लागावं लागे आणि दुसरीला कुणीतरी आजारी पडावं लागे. दोन्ही एकाच दिवशी जुळलं की त्या घरात बोंबील तळले जात. बकुळाला आयुष्याकडून एकच गोष्ट हवी होती. कायम व्हायचं. एक मशीन आपलं म्हणायचं, आणि सकाळी नायकिणीच्या तोंडाकडे न बघता सरळ आत जायचं.

पंचावन्न सालच्या पावसाळ्यानंतर ती गोष्ट हाताशी आल्यासारखी झाली. त्या खात्यात कालिंदीबाई म्हणून एक होती. लालबागला राहायची, मूळची मालवणकडची, हात असा चपळ की तुटलेल्या सुताला गाठ कधी बसली ते सुताला कळू नये. तिच्या छातीत कापूस बसला, मग खोकला, मग क्षय निघाला. डॉक्टरने तिला घरी निजवली. जाता जाता तिनेच नायकिणीला सांगितलं, "माझ्या मशीनवर बकुळेक घाल. तिची गाठ बारीक असता."

नायकिणीने घातली. "कालिंदी येईपर्यंत तू," म्हणाली.

"आणि नाही आल्या तर?" बकुळाने विचारलं.

"नाही आली तर बघू."

हे 'बघू' बकुळाने पदरात बांधून घरी नेलं. आणि दुसऱ्याच रविवारी ती कालिंदीबाईला बघायला लालबागला गेली. मग दर रविवारी जायला लागली. माणुसकीने जायची, हे खरं. कुठवर आलंय ते बघायला जायची, हेही खरंच. तिचं तिलाही या दोन्हींची फारकत करता आली नसती. कालिंदीबाईला मात्र सगळं दिसत होतं. बकुळा दारात दिसली की ती चटईवरूनच म्हणायची, "इलंस? मी मेलंय काय ता बघूक?"

"काय बोलता बाई. पेरू आणलाय."

"ठेव थंय. अजून दात आसत माझे."

त्या खोलीत खिडकीशेजारी एक कोनाडा होता. त्यात दोन कप पालथे घातलेले असायचे. एक टवके गेलेला निळा, तो कालिंदीबाईचा. रोग लागू नये म्हणून घरच्यांनी वेगळा काढलेला. दुसरा कान तुटलेला पांढरा, तो बकुळाचा. तो कशासाठी वेगळा, हे कुणी बोलून दाखवलं नव्हतं आणि बोलायची गरजही नव्हती. कायदा झाला होता म्हणे, पण कायद्याला दोन जिने चढून वर यायला अजून वेळ होता. कालिंदीबाई त्यावरही हसायची. "आपण दोघी शेजारणी गो," म्हणायची. बकुळाही हसायची. हसून टाकण्याइतकं स्वस्त दुसरं काही तिच्यापाशी नव्हतं.

आणि बकुळाला राग कशाचा यायचा म्हणाल, तर कालिंदीबाई मजेत होती त्याचा. मरायला टेकलेल्या माणसाने जरा तरी तसं दिसावं. ही बाई खिडकीतून फरशीवर ऊन पडायचं, त्याच्यात पाय ठेवून निजायची. ऊन सरकलं की चटईसकट आपणही सरकायची. सकाळी मोरीपाशी असली, तर दुपारी कपाटापाशी. बकुळा गेली की विचारायची, कोपऱ्यावर आज भजी कसली होती, नळावर कोण भांडलं, बाहेर वास कसला येतोय. पेरूची फोड तोंडात धरून डोळे मिटून बसायची. "जगणं म्हणजे काय ता माका आता कळला," म्हणायची. "काय करूचा नसता. नुसता रवाचा."

बकुळा मनात म्हणायची, तुम्हाला नुसतं राहायला परवडतं बाई. नवरा कायम, मशीन कायम, रोगसुद्धा कायम. आम्ही नुसतं राहिलो तर चूल नुसती राहते.

छप्पनच्या जानेवारीत मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही अशी बातमी आली आणि गिरणगाव रस्त्यावर उतरलं. गिरण्या बंद. कालिंदीबाईचा नवरा सीताराम संयुक्त महाराष्ट्र चळवळीतला माणूस, तो पहिल्याच दिवशी मोर्चात गेला आणि पोलिसांच्या गाडीत चढला. दुसऱ्या दिवशी सकाळी बकुळा सवयीने कार्ड घेऊन फाटकाशी गेली. फाटकाला साखळी. तिथून लालबाग जवळ, म्हणून बाईला बघून जावं असा विचार करून ती वर गेली, आणि खाली गोळीबार सुरू झाला. मग संचारबंदी. रस्त्यावर माणूस दिसला की गोळी, असं शेजाऱ्यांनी दाराबाहेरूनच सांगितलं. त्या खोलीत तसंही कुणी आत पाऊल टाकत नसे, रोगाच्या भीतीने.

दोघी दीड दिवस त्या खोलीत राहिल्या. बकुळाने भात घातला, त्यावर सोलकढी. दोघी खिडकीपासून लांब, भिंतीला टेकून जेवल्या. कालिंदीबाई कान देऊन ऐकायची आणि सांगायची, "ही जवळ झाली. ही भारतमाता थेटराकडे झाली." जशी काही दिवाळी चालू होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिला खोकल्याची उबळ आली ती थांबेना. मग रक्त आलं. थोडं नव्हे. बकुळाने परात पुढे धरली, पाठ चोळली, शेजारच्या दारावर मूठ आपटली. आतून म्हातारीचा आवाज आला, "डॉक्टर खंयचो मिळतलो आता? बर्फ चघळूक द्या. बर्फाने रक्त थांबता." दार उघडलं नाही.

बकुळा परत येऊन बसली.

इथे गोष्ट सांगणाऱ्याने बकुळाला ताबडतोब उठवावं, अशी आपली सगळ्यांची इच्छा असते. पण ती उठली नाही. बाहेर गोळ्या होत्या, घरी दोन पोरी होत्या, हे कारण पुरेसं होतं, आणि जगात कुणीही तिला नाव ठेवलं नसतं. पण तेवढंच कारण नव्हतं. तिच्या डोळ्यांपुढे ते मशीन आलं. सूत गुंडाळत फिरणाऱ्या बावीस चात्या एका ओळीत. कुणाचा खाडा नको, कुणाचा ताप नको. आपण फक्त बसून राहायचं, चूल फुंकायला लागतो तेवढा वेळ. तिने काही केलं नसतं. नुसती राहिली असती. हेच बाईने तिला शिकवलं होतं ना?

कालिंदीबाईने तिच्याकडे पाहिलं. तिला कळलं असणार. ती काही मागण्यातली नव्हती. ओठ पुसून ती म्हणाली, "माझ्याकडे काय बघतंस? थंय बघ. ऊन खंय पावला?"

बकुळा उठली ती ऊन बघायला. हे ती पुढे कितीदा स्वतःला बजावत राहिली, की मी चांगली बाई म्हणून उठले नाही. ऊन कपाटाखाली गेलं होतं. तेवढं सांगायला ती वळली, आणि ते थकलेलं, रक्ताळलेलं तोंड उत्तराची खरोखर वाट बघत होतं. मरायच्या आधी या बाईला ऊन कुठे आहे ते कळायला हवं होतं. बकुळाला काय झालं कोण जाणे. तिने पदर खोचला आणि जिना उतरली.

लालबागचा तो रस्ता तिने मोकळा कधी पाहिला नव्हता. ट्रामचे रूळ एकटेच चमकत होते. चपला पडल्या होत्या, एकेकट्या, जोड नसलेल्या. नाक्यावर दोन पोलीस पाठमोरे उभे होते. ती भिंतीला घासत मागच्या गल्लीत शिरली आणि बर्फाच्या वखारीचं दार ठोठावलं.

"कोण मेलं?" आतून वखारवाल्याने विचारलं.

"अजून कुणी नाही. लवकर द्या."

त्याने भुशातून एक ढेप काढून गोणपाटात दिली. बकुळा ती छातीशी धरून पळाली. बर्फ गोणपाटातून भाजत होता, हातावरून पाणी कोपरापर्यंत उतरत होतं. मागून कुणीतरी "ए" म्हणून ओरडलं, काठी की बंदूक कशावर तरी आपटली. ती थांबली नाही. आणि त्या शेपन्नास पावलांत तिला स्वतःचा श्वास ऐकू आला. मुंबईत येऊन बारा वर्षं झाली होती, पण आपण श्वास घेतो हे तिच्या कधी ध्यानात आलं नव्हतं. छाती दुखत होती, पाय जमिनीला लागत होते की नाही कळत नव्हतं, आणि ती कुणाच्याही जागेवर पळत नव्हती. कुणाचा खाडा पडला म्हणून नव्हे. ती स्वतः पळत होती. तिला हसू आलं. लाजही वाटली, माणसं मरतायत आणि आपण हसतोय म्हणून.

बर्फाने रक्त थांबलं. कालिंदीबाई जगली.

संचारबंदी उठल्यावर घरी गेली तेव्हा सुंदराबाईने सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "ती गेली असती तर जागा तुझी होती ना? तिच्यासाठी मरायला निघालीस?"

"मरायला नाही, आत्याबाई."

"मग कशाला?"

बकुळा चूल पेटवायला बसली.

पुढे युनियनच्या चिठ्ठीवर कालिंदीबाईला सॅनिटोरियममध्ये पाठवलं. दीड वर्ष बकुळाने तिच्या मशीनवर काम केलं, बदली म्हणूनच. छप्पनच्याच डिसेंबरात बाबासाहेब गेले आणि दादरला बकुळाच्या घरच्यांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. सुंदराबाईने जन्मभर ज्यांच्यापुढे धूप फिरवला ते देव स्वतःच्या हाताने फडक्यात बांधले. फळी रिकामी झाली. बकुळा त्या रिकाम्या फळीकडे बघत राहिली, तर सासू म्हणाली, "बघतीस काय? डबे ठेव. आता मागायचं तर कुणाकडं मागायचं न्हाई. ताठ चालायचं."

सत्तावन्नच्या दिवाळीनंतर कालिंदीबाई अंगावर मांस चढवून परत आली. मशीन तिचं होतं, तिने घेतलं. बकुळा पुन्हा फाटकाशी. पहिल्या रविवारी ती सवयीने लालबागला गेली. कोनाड्यात नजर गेली तर एकच कप. निळा कप धुऊन, सोडा लावून, मांडणीवर घरच्यांच्या कपांशेजारी गेला होता. रोग बरा झाला होता.

पांढरा होता तिथेच होता.

बकुळाने त्या दिवशी त्यातच चहा घेतला. पण नंतर ती वरचेवर जाईनाशी झाली.

साठ साल उजाडलं तोवर कालिंदीबाईचा दम पुन्हा कमी झाला. डॉक्टरने सांगितलं, रोग नाही, पण कापसात उभी राहू नको. तिने काम सोडायचं ठरवलं. खात्यात अशी रीत होती, की कायम बाई सोडून जाताना आपलं माणूस हाताला धरून मशीनपाशी आणायची आणि नायकिणीला म्हणायची, ही माझी. नायकीण मान हलवायची. त्या मान हलवण्याला कागदापेक्षा जास्त वजन होतं. कालिंदीबाईने फाटकाशी येऊन बकुळाला सांगितलं, "सोमवारी तुका घेऊन जातंय. रविवारी घरी ये, च्याय घेऊ."

तो रविवार एक मेचा होता. महाराष्ट्र झाला होता. लालबागच्या गल्ल्यांतून तोरणं लागलेली, दारादारांत पेढे. सीतारामने नवा सदरा घातला होता. दोनदा तुरुंगात जाऊन आलेला माणूस, त्याची छाती त्या दिवशी खोलीत मावत नव्हती. त्याच्या भावाची मुलगी गावाहून आलेली, कोपऱ्यात बसली होती. त्याने बकुळाला लांबून, वरूनच पेढा दिला. "आता सगळे मराठी एक," म्हणाला.

कालिंदीबाईने चहा केला. कोनाड्यातला पांढरा कप उतरवून फरशीवर ठेवला आणि किटली उचलली.

बकुळा त्या कपाकडे बघत होती. चार वर्षं मागे गेलेला तो रस्ता, तो बर्फ, सगळं तिच्या अंगावरून गेलं असेल किंवा नसेल. तिला एवढंच कळलं की तो कप उचलायला तिचा हात येत नाहीये. हात होता, जागेवर होता, पण येत नव्हता. ती उठली, मांडणीवरचा निळा कप घेतला आणि कालिंदीबाईपुढे धरला.

"बाई, यात ओता."

भावाची मुलगी बघत राहिली. सीतारामने घसा खाकरला. कालिंदीबाईची किटली तशीच हातात. मग तिने डबीतली एक चिमूट किटलीत टाकली आणि ओतला. काठोकाठ, एकही थेंब खाली सांडला नाही. सीताराम उठून गॅलरीत गेला.

बकुळाने चहा सावकाश प्याला. कप मोरीत विसळला, मांडणीवर होता तिथे पालथा घातला, आणि "येते बाई" म्हणाली. बकुळाच्या मागे, ती जिन्याच्या पहिल्या वळणावर असताना, फुटलेल्या कपाचा आवाज आला. कुणी फोडला ते तिला दिसलं नाही. कुठला फोडला हे विचारायला ती परत वर गेली नाही.

सोमवारी सकाळी फाटकावर कालिंदीबाई आली. सीतारामच्या पुतणीला हाताला धरून. बदलीच्या बायकांनी वाट दिली. बकुळापाशी ती थांबली.

"रागावू नको गो," खाली बघत म्हणाली. "माका ह्याच घरात रवाचा आसा."

"राहा की," बकुळा म्हणाली.

"तू माझो जीव वाचवलंस, ता मी इसरुक नाय."

"विसरा. जगा तुम्ही. तेवढ्यासाठीच आणला होता बर्फ."

नायकिणीने मान हलवली. पुतणी आत गेली. बकुळाच्या कार्डावर शिक्का बसला.

ती परतली, पण सरळ घरी गेली नाही. हिंदमाता थेटराच्या पुढे एका ओट्यावर बसली. ऊन वर आलं होतं, पायावर पडत होतं. पाय तिने काढून घेतले नाहीत. राग पोटात असा पेटला होता की त्याच्यावर भाकरी भाजली असती. आणि त्या रागाखाली तिला भूक लागली होती, सणसणीत. तिला ही गंमतच वाटली. सगळं गेलं तरी भूक हजर. या जगात तिला जे जे मिळालं ते कुणाच्या तरी न येण्यामुळे मिळालं होतं. हे एवढं धडधडणारं, भुकेजलेलं, संतापलेलं काय ते तेवढं तिचं स्वतःचं होतं. त्यात तिची बदली कुणी करू शकत नव्हतं. त्याचा काही उपयोग होता असं नाही. फाटकावर ते दाखवून आत कुणी सोडणार नव्हतं. पण होतं.

घरी शामरावने कपाळाला हात लावला. "एक घोट गिळला असतास तर आज कायम झाली असतीस."

"किती घोट गिळले ते तुम्हाला काय ठाऊक."

"मग अजून एक."

"नाही उतरला."

तो बाहेर निघून गेला. सुंदराबाई तांदूळ निवडत बसली होती. तिने सुपावरून मान वर केली नाही. तशीच म्हणाली, "कसा होता?"

"काय?"

"चहा गं. एवढी जागा देऊन प्यालीस."

बकुळा भाकरी मोडत होती.

"वेलदोडा होता त्यात, आत्याबाई. मला इतकी वर्षं ठाऊकच नव्हतं, त्या चहात वेलदोडा घालतात. माझ्या कपात आधी ओतायच्या, आणि मग घालायच्या असतील."

सुंदराबाईने एक खडा वेचून दाराबाहेर टाकला.

"शिवडीच्या गिरणीत बाया घेतायत म्हणं," ती म्हणाली. "उद्या साडेसहाला उभी राहा. तिथली नायकीण कुणाला वळखत न्हाई."